घशाच्या गोळ्या आणि टकळीची कविता

माझ्या मैत्रिणीला सगळे टकळी म्हणतात आणि ते नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं आहे. ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून दिवसभर बोलते आणि सुट्टी झाली की माझ्याकडे येऊन बोलते. मी पडदे शिवते. मशीनच्या घरघरीत मला अर्धंच ऐकू येतं, पण तेवढं पुरतं.

हल्ली मात्र तिला कवितेने झपाटलं होतं. पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लोक माईकसमोर उभे राहून आपापल्या कविता म्हणतात, हातात कागद न घेता. टकळीने तिथे नाव दिलं आणि रोज माझ्या मशीनशेजारी तिची तालीम सुरू झाली. मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून ऐकून पाठ झाली.

त्या संध्याकाळी ती मला ओढतच घेऊन गेली. "तू पुढेच बस. अडखळले तर सांग."

"तू आणि अडखळणार?" मी म्हटलं.

मंचामागच्या पडद्याची एक बाजू चांगली वीतभर आखूड होती. माझं सगळं लक्ष तिकडेच. आधी एक दाढीवाला आला. तो एकटेपणावर इतकं ओरडला की शेजारच्या बाईने कानांवर हात ठेवले. मग टकळी.

सुरुवात झकास झाली. कविता दुकानातल्या गिऱ्हाइकांवर होती. 'ती पांढरी गोल गोळी द्या' म्हणणारे, डॉक्टरची चिठ्ठी उलटी धरणारे, बायकोसाठी म्हणून स्वतःच्याच टकलाचं तेल नेणारे. लोक खो खो हसत होते. आणि एकदम ती थांबली.

मी हळूच म्हटलं, "एक बाई रोज येते..."

तिने मान हलवली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी आवाज चढवला, "अगं, एक बाई रोज येते! घशाच्या गोळ्या मागते!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. टकळीने डोळे मोठे केले आणि नजरेनेच माझ्या मागे खुणावलं. मी वळले. तिसऱ्या रांगेत एक आजी बसली होती. मांडीवर पिशवी, अंगात गळाबंद स्वेटर. तिला मी टकळीच्या दुकानात पाहिलं होतं. पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती ती, टकळीनेच सांगितलं होतं.

म्हणजे कवितेतली बाई खरी होती! आणि समोर बसली होती. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

"पुढे काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हणा की!"

टकळीने एकदा आजीकडे पाहिलं, माईक धरला आणि हळू आवाजात म्हणाली,

"एक बाई रोज येते,
घशाच्या गोळ्या मागते.
घसा तिचा ठणठणीत,
मला आवाजावरूनच कळतं.
गोळ्यांची पुडी लगेच बांधून होते,
तरी मी दोरा शोधत बसते.
कारण इथून निघालं की तो घसा
उद्या दुकान उघडेपर्यंत गप्प असतो."

तिने माईक सोडला. मग टाळ्या पडल्या. टकळी मान खाली घालून उतरली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. "मारलंस मला," ती पुटपुटली.

"मला काय माहीत!"

मध्यंतरात आजी थेट आमच्यासमोर येऊन उभी राहिली. टकळीच्या तोंडून शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदाच.

"तो दोरा तू मुद्दाम शोधतेस?" आजीने विचारलं.

टकळीने मान डोलावली.

"मला वाटायचं, ही मुलगी कसली वेंधळी! रोज दोरा हरवते." आजीने हातातली पिशवी सावरली. "त्या गोळ्या मला मुळीच आवडत नाहीत. घरात डबा भरलाय. परत घेशील?"

"विकलेलं औषध परत घेत नाही, आजी."

"मग उद्यापासून नुसतीच येईन. चालेल?"

"या ना! पण मालक समोर असला की काहीतरी मागा, नाहीतर तो माझ्यावर डाफरतो."

"खोकल्याचं मागेन," आजी म्हणाली आणि लगेच खोकून दाखवलं. इतकं खोटं खोकली की टकळीला हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा आजीनेच आपला रुमाल पुढे केला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही आजीला घरापर्यंत सोडायला निघालो. एक्सचेंजमध्ये कोण कुणाला चोरून फोन लावायचं, कुणाचं लग्न तिच्यामुळे जुळलं, कुणाचं मोडता मोडता वाचलं, सगळं ती सांगत होती. टकळीने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मी मात्र मजेत चालत होते.