अकरा वर्षांचा खोटा चिखल

इकडेतिकडे शोधू नका, बोलतेय ती मीच. अंगाने थोराड, आवाजाने घोगरी अशी एक जुनी गाडी.

साध्या गाडीत दोन चाकं राबतात आणि दोन नुसती सोबतीला येतात. माझी मात्र चारही राबू शकतात. गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा आहे, तो ओढला की झालं. डोंगर चढायचे, ओढे तुडवायचे, चिखलात रुतलेल्यांना बाहेर काढायचं, यासाठी माझा जन्म. आणि मला कोरी करकरीत विकत घेतली कुणी, तर पडद्यांच्या दुकानदाराने.

माणूस वाईट नव्हता हो. पण त्याच्या घरात सासरे राहायचे, आणि सासऱ्यांनी उभी हयात पूल बांधण्यात घालवलेली. जावई काय करतात, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "कापड टांगतात." हे मालकाच्या जिव्हारी लागलं आणि दुसऱ्याच महिन्यात मी दारात उभी राहिले.

पहिल्या रविवारी आम्ही मोहिमेवर निघालो. डांबरी रस्ता संपला, एक खळगा आला, मी खुशीत उसळी मारली आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मला वळवलं, एका रोपवाटिकेमागे झाडाखाली लावलं, सीट मागे पाडली आणि दुपारभर घोरत पडला. जाग आली तेव्हा घरी काय सांगायचं हा प्रश्न उभा. मग त्याने बादलीत माती कालवली आणि सीट झाडायच्या कुंच्याने माझ्या अंगावर शिंपडली. दारांवर सढळ हाताने, बोनेटवर बेताने, काचेवर चवीपुरती.

घरी सासरे माझ्याभोवती दोनदा फिरले. "कुठवर गेला होतात, जावईबापू?"

"नदी ओलांडली, बाबा."

त्या दिवशी सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं. झालं, चटक लागली. अकरा वर्षं दर रविवारी झोप, बादली आणि नदी. पुढे पुढे नदीला पूर येऊ लागला. एकदा आम्ही वाहून चाललेलं वासरूसुद्धा वाचवलं, म्हणजे असं मला घरी आल्यावर कळलं. सासरे हे सगळं सकाळच्या फिरायच्या मंडळींना तिखटमीठ लावून सांगायचे. मी गप्प बसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग घर बदलायचं ठरलं. नव्या इमारतीत गाड्या तळघरात लावायच्या आणि तळघराचं छत माझ्या टपापेक्षा बुटकं. मला विकायला काढलं. बघायला येणारे नाक मुरडून जायचे. शेवटी भंगारवाल्याला निरोप गेला. शनिवारी संध्याकाळी तो मला नेणार आणि कापणार, असं ठरलं.

त्याच शनिवारी सकाळी दुचाकीवरून एक गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "वरच्या वस्त्यांवर माझी दुचाकी चढत नाही. मागच्या महिन्यात एक गाय विताना अडली होती. मी चालत पोचेपर्यंत गेली बिचारी. मला चढणारी गाडी हवी." मला वाटलं, बाई, मी अकरा वर्षं तुमचीच वाट बघतेय.

पण सासरे व्हरांड्यातच बसलेले. "चढते म्हणजे काय! जावईबापू, सांगा की नदीचं."

मालकाने सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं. पाणी बोनेटपर्यंत आल्याचंही सांगितलं.

"बोनेटपर्यंत? किती वेळा?"

"दर पावसाळ्यात," सासरेच अभिमानाने बोलले.

"मग ही आतून गंजलेली असणार. राहू दे. इतकी पिळून काढलेली गाडी माझ्या काय कामाची?" बाईंनी हेल्मेट उचललं.

मालकाने माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं. माझा जीव टांगणीला लागला. मला वाचवायचं तर अकरा वर्षांची अब्रू सासऱ्यांसमोर उतरवावी लागणार होती.

"डॉक्टर, थांबा," तो म्हणाला. "ही कधी नदीत गेलीच नाही. ओढ्यातसुद्धा नाही. चिखल मीच लावतो."

बाई हसल्या. "गिऱ्हाईक निघालं की सगळे असंच सांगतात."

आता बोला. इतकी वर्षं खोटं खपलं, आणि पहिल्यांदा खरं बोलला तर ते खपेना. तेवढ्यात मालकाची बायको सामानाची खोकी बांधता बांधता बाहेर आली. "खरं सांगतायत ते. गाडी बरबटलेली आणि बूट कोरे. मी काय आंधळी आहे?"

"तुला माहीत होतं?" मालक म्हणाला.

"रविवारी दुपारी घरात तेवढीच शांतता असायची. मी कशाला बोलू?"

"मालक काय वाटेल ते सांगतो, जनावर खोटं बोलत नाही," असं म्हणून बाई पोतं अंथरून माझ्या पोटाखाली शिरल्या. पोट लख्ख. मग त्यांनी दार उघडून आत पाहिलं, तर छोट्या दांड्याच्या मुठीवरचं प्लास्टिकसुद्धा कारखान्यातून आलं तसंच. त्या हसत बाहेर आल्या, पण व्हरांड्यात कुणी हसत नव्हतं.

"मग ते वासरू?" सासऱ्यांनी विचारलं.

"नव्हतं, बाबा."

"आणि पूर?"

"पूरही नव्हता. तुम्ही 'कापड टांगतात' म्हणायचात, ते ऐकवत नव्हतं मला."

मला त्या दोघांचंही फार वाईट वाटलं.

"चढते का, ते तर बघू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जवळच एका बंद खाणीचा उभा चढ होता. बाई चालवायला बसल्या, मालक शेजारी, आणि कुणी न बोलावता सासरे मागे. पायथ्याशी बाईंनी छोटा दांडा ओढला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा खाडकन बसला आणि माझी पुढची चाकं जन्मात पहिल्यांदा कामाला लागली. दगड निसटत होते, मी चढत होते, मालक डोळे मिटून बसला होता. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

"घेतली मी ही," बाई माथ्यावर पोचल्यावर म्हणाल्या.

मागून सासरे म्हणाले, "डॉक्टर, उतरताना जावईबापूंना चालवू द्या."

"बाबा, मला नाही जमायचं."

"मी शेजारी बसतो. पहिल्या गिअरमध्ये घ्या. ब्रेकवर उभे राहू नका."

मालकाने स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं, ते मला चाकात जाणवत होतं. हातभर पुढे, थांबा, पुन्हा हातभर. सासरे हळू आवाजात सांगत होते, "डावीकडे. असंच. येतंय तुम्हाला." अर्ध्या उतारावर त्याची पकड सैल झाली. खाली पोचलो तेव्हा मालक घामाने निथळत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे मी उद्या सगळ्यांना सांगणार," ते म्हणाले.

आता मी रोज वरच्या वस्त्यांवर जाते. पत्र्याला पोचे पडलेत, कमरेत करकर आहे, मागच्या सीटला शेणाचा वास येतो. माझी तक्रार नाही. फक्त त्या दिवशी मालकाने किल्ली काढून बाईंच्या हातात दिली, तेव्हा माझं बोलणं त्याला ऐकू जात असतं तर मी म्हटलं असतं, अरे, आत्ता कुठे शिकलास, आणखी एकदा चढू या की.