माझ्यातली रिकामी जागा

खट्! चिडीचूप झालेल्या अंगणात सुई तबकडीवर टेकल्याचा तेवढाच आवाज झाला.

मित्रांनो, मी एक जुनं गाणं आहे. ही चरे पडलेली काळी तबकडी माझं पहिलं घर. अंगण डेटन गावातल्या रेनेल्डाचं. माझ्यात ड्रम वाजतो तो तिच्या वडिलांचा, क्लीओटिसचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला.

माझा जन्म याच गावातला. रेकॉर्डिंग चालू होतं, क्लीओटिसच्या बँडमधला अलोन्झो बास गिटार वाजवत होता. सगळे रंगात आलेले, आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी क्लीओटिसचा हात वर गेला तो वरच राहिला. एक ठोका पडलाच नाही! ताल धरलेला अलोन्झोचा पाय हवेत अडकला. पुढच्या ठोक्याला सगळे धाडकन एकत्र उतरले.

"चुकलं. पुन्हा घेऊ," क्लीओटिस ओशाळून म्हणाला.

"खबरदार त्या जागेला हात लावशील तर!" गाणारी बाई ओरडली. "हा बघ, काटा आलाय अंगावर."

त्या उन्हाळ्यात मी देशात पहिल्या नंबरावर पोचलो. चाकांचे बूट घालून घसरणारी पोरं त्या जागी एक पाय उचलू लागली. मग लग्नांत नवरानवरी उचलू लागले, आणि समुद्रापलीकडची, माझा एक शब्दही न कळणारी माणसंसुद्धा! मला अजून नवल वाटतं. एका माणसाच्या न पडलेल्या ठोक्यासाठी एवढं मोठं जग श्वास रोखून एका पायावर उभं राहतं.

पुढे तबकडी माळ्यावर गेली आणि मी फोनमध्ये राहू लागलो. तिथे कुणीतरी मला घासूनपुसून लख्ख केलं, आणि चूक समजून ती रिकामी जागाही बुजवली.

आज क्लीओटिसशिवायचं पहिलं कुटुंबसंमेलन. अंत्यविधीला चर्चमध्ये रेनेल्डाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज त्या जागेत, सगळ्यांचे पाय वर असताना, बापाचा निरोप घ्यायचा, एवढंच तिने मनात धरलं होतं.

निखाऱ्यांवर मांस खरपूस होत होतं. म्हातारा अलोन्झो वाडगा हुंगत होता. "हे बटाट्याचं सॅलड कुणी केलंय? आधी नाव सांगा, मग खातो!"

"गप खा, काका. मीच केलंय," रेनेल्डा म्हणाली आणि तिने फोनवर मला लावलं. रांगा नाचू लागल्या. ती जागा आली, पाय उचलले गेले, आणि धप्! ठोका पडला. अख्खी रांग एकमेकांवर कोलमडली.

"बंद करा!" अलोन्झो गरजला. "आमच्या क्लीओच्या जागेवर हा कोण येऊन बसलाय?"

कुणी हसलं नाही. रेनेल्डा तडक माळ्यावर गेली, तबकडी आणि जुना प्लेअर घेऊन आली. सुरुवातीला झालं ते हेच खट्!

मी खरखरत निघालो. त्या जागेच्या अलीकडेच एक खोल चरा आहे, तिथे सुई उडाली तर? माझाच जीव वरखाली होत होता. सुई थरथरली आणि पार झाली.

सगळे पाय हवेत. निखाऱ्यांची तडतड तेवढी.

"बाय, डॅडी," रेनेल्डा हळूच म्हणाली.

आणि सगळे एकत्र उतरले.

मित्रांनो, जुन्या गाण्यांवरची धूळ जरूर पुसा. पण त्यांत राहिलेल्या माणसांना पुसू नका.

एवढ्यात रेनेल्डाच्या चिमुकल्या लेकीने, झुरीने, तिचा स्कर्ट ओढला. "मम्मी, आजोबा तेव्हा का गं थांबले होते?"

रेनेल्डाने अलोन्झोकडे पाहिलं. अलोन्झोने माझ्याकडे. पण ते मला तरी कुठे ठाऊक आहे!