खालची रेघ माझीच

मी एक प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, बोलतोय. तुर्कू शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून. आमच्याकडे रीत आहे: पीएचडीच्या मेजवानीत ज्याचे आभार मानले जातात, त्याने उठून उत्तर द्यायचं. परवा नुकतीच पीएचडी झालेल्या हेल्काने माझेही आभार मानले. मग मी का गप्प बसू?

प्रसूतीच्या कळा आणणारं एक हॉर्मोन असतं आणि त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम. त्या एन्झाइमचा अंश सशाला टोचला, तेव्हा सशाच्या रक्तात माझा जन्म झाला. एन्झाइम दिसलं की धरायचं, एवढंच माझं काम. मी धरलं की चाचणीच्या फिल्मवर काळी रेघ उमटते.

पण माझ्या दोन उमटायच्या. एक हवी तिथे, दुसरी जरा खाली.

झालं! "भलत्यालाच मिठी मारतंय," म्हणत सगळ्यांनी मला नावं ठेवली. नळीवर 'घाण' लिहून मला फ्रीजरच्या तळाशी सारलं. पाच वर्षं! राग आला, खोटं कशाला बोलू?

मग हेल्काने मला बाहेर काढलं. तिलाही त्याच दोन रेघा दिसल्या. प्रबंध छापायला जेमतेम महिना उरला होता.

"खालची कापून टाक चित्रातून," तिचा मार्गदर्शक आन्सी म्हणाला. "सगळेच कापतात."

"आणि ती खरी निघाली तर, आन्सी?"

मी भलतीकडे चिकटू नये म्हणून प्रत्येक चाचणीआधी मला दुधाच्या पावडरीत कालवणारी प्रयोगशाळेतली सहायक राइली वैतागली. "बाई गं, दूध ढवळून हात मोडले माझे. एकदाचं काय ते ठरव!"

हेल्काने ठरवलं. ज्यांना ते एन्झाइम बनवताच येत नाही, अशा पेशींच्या अर्कात तिने मला सोडलं. मी खूप शोधलं, धरायला काहीच सापडेना. दोन्ही रेघा गायब! म्हणजे खालची रेघही त्याच एन्झाइमची होती, त्याच्या आखूड रूपाची. मी खरं बोलत होतो!

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेत, भर सभेत परीक्षकांनी विचारलं, "ही खालची घाण कसली?"

हेल्काने ते कोरं चित्र पुढे ठेवलं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही रेघ मी माझ्या चित्रांतून वीस वर्षं कापत आलोय," ते म्हणाले.

मेजवानीत हेल्काने आधी त्यांचे आभार मानले, मग आन्सीचे, राइलीचे, आणि शेवटी माझे नि सशाचे. माझा ऊर भरून आला.

ससा आता नाही. माझेही दोनच थेंब उरलेत. राइलीने नळीवरचं 'घाण' पुसलं. "हे आठवण म्हणून ठेवू," म्हणते.

नको गं, राइली. पुन्हा तळाशी नको. कुणी रेघ कापायला निघालं, तर मला त्याच्या दुधात कालव आणि वापरून संपवून टाक.