जिवंत माणसाचं थडगं

नाकाबीरीचा नवरा सेबुगुझी मेलेला होता, आणि तरी रोज दोन वेळा ताट पुढे ओढून मटोकेच्या उकडलेल्या केळ्यांत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचा. लढाईच्या दिवसांत तो बंडखोरांबरोबर लुवेरोच्या रानात गेला. पुढे तो मेल्याची बातमी आली, पण प्रेत काही मिळालं नाही. मग कुळाच्या रिवाजाप्रमाणे केळीचा खांब झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून त्याच्या जागी पुरला, आणि धाकटा भाऊ कल्यांगो त्याचा वारस झाला. वारस म्हणजे नुसता जमिनीचा नव्हे, पोरांचा बापच. आणि सगळं उरकल्यावर एक दिवस हा पठ्ठ्या लंगडत दारात उभा.

कुळातली वडीलधारी म्हणाली, त्यात काय एवढं? ज्याचं थडगं त्याने स्वतः उकरायचं, खांबाचं जे उरलं असेल ते फेकायचं, की झाला माणूस जिवंत. पण सेबुगुझी हलेल तर शपथ. आज पाय दुखतोय, उद्या कुदळ बोथट. वर मेलेपण असं मानवलं की विचारू नका. बांधाचं भांडण आलं, कल्यांगोला विचारा. शाळेतून बोलावणं आलं, कल्यांगोला पाठवा. थडग्यावरचं गवत मात्र स्वतः उपटायचा. दोन घरांचा बाप होऊन कल्यांगो बिचारा वाकून गेला होता.

आता थोरल्या लेकीचं, नसूनाचं लग्न जमलं होतं. शनिवारी मुलाकडची मंडळी रीतसर मागणी घालायला येणार, आणि बापाच्या खुर्चीवर बसणार काका. नसूनाने आईला सांगून टाकलं होतं की बाबा खुर्चीवर नसतील तर मी खोलीबाहेर येणारच नाही.

नाकाबीरीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने कुदळ नवऱ्याच्या पुढ्यात आणून टाकली.

"तुम्ही उकरताय की मी उकरू?"

"नको उकरूस. तिथे मुक्वाया आहे."

"तिथे केळीचा खांब आहे."

मग एकदाचं त्याचं तोंड उघडलं. मुक्वाया शेजारच्या गावचा, रानातला त्याचा जोडीदार. त्याच्या पोटात गोळी लागली. सैनिक मागावर होते, म्हणून ह्याने त्याला झुडपात झोपवला, आलोच म्हणाला, आणि परत गेलाच नाही. त्याला ना थडगं मिळालं, ना खांब. म्हणून सेबुगुझीने आपलं थडगं मनातल्या मनात त्याला देऊन टाकलं होतं.

नाकाबीरीला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. मुक्वायाच्या आईला सांगितलंत का, तिने विचारलं. सेबुगुझीने कुदळ पायाने बाजूला सारली. ती म्हातारी बाजारात भेटेल त्या फौजीला मुलाचा ठावठिकाणा विचारत फिरते, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"म्हणजे तिला वाट बघायला लावलीत, मला नवरा असून विधवा केलीत, लेक भावाच्या ओटीत घातलीत. आणि त्या मेलेल्याला तरी काय दिलंत? परक्या कुळातली माती. उठा."

ते मुक्वायाच्या गावाला चालत निघाले, ती पुढे, तो मागे. म्हातारी अंगणात शेंगा सोलत बसली होती. सेबुगुझीने गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, सोडून आलो हेही सांगितलं. म्हातारीने हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली.

"त्या दिवशी जेवला होता का रे तो?"

"नाही, आई. कुणीच जेवलं नव्हतं."

तिने टोपली बाजूला सारली. "खांब तू काप," ती म्हणाली. "तू सोडलास, तूच पोचव."

त्याने खांब कापला, स्वतःच्या खांद्यावर वाहिला आणि तिच्या कुळाच्या मातीत पुरला. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर कुणी न सांगता कुदळ उचलून आपल्या थडग्याकडे गेला. शनिवारी खुर्चीवर कोण, हे आता विचारायचं उरलं नव्हतं. नाकाबीरी आत गेली आणि दार लावून, तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडली. नवऱ्यासाठी नाही, त्या उपाशी पोरासाठी.