शेवटचा अर्धा फेरा

समजा, तुमच्या तळहातावर एक स्क्रू आहे. तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. जोरात श्वास सोडलात तर उडून जाईल, म्हणून श्वाससुद्धा बेतानंच घ्यायचा... अगदी तस्सा एक स्क्रू मास्तरांसमोर हिरव्या कापडावर पडला होता, आणि ज्या हातांनी तो पिळायचा ते हात दुपारीच निघून गेले होते.

चष्म्याच्या दुकानामागची ही खोली. खिडकीशी टेबल, दोन खुर्च्या. एकीत मास्तर एकतीस वर्षं चष्मे जोडत बसलेले. दुसरी, शिकायला आलेल्या बाईची, आता रिकामी. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. एका लहान मुलाचा चष्मा. काच बसवून झालेली, फ्रेम काचेवर आवळणारा स्क्रू तेवढा पुरता पिळायचा राहिलेला — आणि मास्तरांनी नेहमीसारखा हात पुढे केला होता. "आण इकडे. शेवटचा अर्धा फेरा मी देतो, नाहीतर काच तडकायची."

"मास्तर, चार महिने झाले." तिनं आवाज चढवला नव्हता. स्क्रू काढून कापडावर ठेवला होता फक्त. "एक तरी चष्मा पुरा माझ्या हातून झालाय का? तडकेल तर तडकेल ना एकदा! उद्या यायचं की नाही, बघते मी."

ती डबा उचलून गेली, आणि मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "ही तिसरी, मास्तर. ही गेली तर चौथी शोधणार नाही मी. तुम्ही काम सोडलंत की जोडकाम बाहेर देणार, आणि हे टेबल मोडीत."

आता मी काय वाईट केलं, मास्तर मनाशी म्हणत होते. ओरडत नाही, टोचून बोलत नाही. मी ज्याच्या हाताखाली शिकलो त्या म्हाताऱ्यासारखा तर मुळीच नाही. तेव्हा मी घामाघूम होऊन स्क्रूशी झटतोय, आणि हा आपला मागे उभा, दोन्ही हात काखेत खुपसून. भर उन्हाळ्यात! घरी जाऊन आईला सांगायचो, म्हाताऱ्याला सारखी थंडी वाजते. ती म्हणायची, वय झालं रे त्यांचं. किती काचा तडकल्या तेव्हा... सात? की आठ? दर वेळी म्हातारा मुकाट्यानं नवी काच पुढे सरकवायचा, नि हात परत काखेत...

सकाळी तो मुलगा चष्मा न्यायला येणार होता. चार फेऱ्यांचं तर काम. मास्तरांनी स्क्रू उचलला, डबीत टाकला, झाकण लावलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

घरी आले तर पाच वर्षांची नात पायरीवर बूट घालत बसलेली. "आजोबा, फिरायला चला ना!" एका बुटाची नाडी त्यांनी सवयीनं वाकून बांधलीसुद्धा. दुसरीला हात घातला तसा तिनं पाय ओढून घेतला.

"ही माझी मी."

फास मोठा झाला, निसटला. पुन्हा निसटला... 'अगं, उलटी धर' ओठांपर्यंत आलं. हात तर निघालाच होता. मास्तरांनी तो पाहिला — आपलाच हात, अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा — आणि काखेत घातला. मग दुसराही. दोन्ही आत चुळबुळत राहिले. त्यांना आवरायला एवढं बळ लागतं, हे इतक्या वर्षांत... म्हणजे म्हाताऱ्याला थंडी वाजत नव्हती.

"आजोबा, थंडी वाजते?"

"नाही गं."

"मग असे का उभे?"

"असाच. कर तू तुझं."

उद्या ती खुर्ची भरेल का, कोण जाणे. भरलीच तर डबी नुसती पुढे सरकवावी, की आधी काही बोलावं... ठरेना.

नातीची नाडी एकदाची बसली. वाकडी, सैल, चार पावलांत सुटेल अशी. तिनं मान तिरकी करून ती पाहिली. मग दुसऱ्या बुटाकडे पाहिलं, आजोबांनी बांधलेल्या नीटनेटक्या गाठीकडे, आणि एक टोक धरून ती ओढून सोडवली.