कोहक्याच्या धक्क्यावरून घेतलेली उडी

मी एक जुना फिश फाइंडर आहे, मित्रांनो. दिसायला संत्र्याएवढा प्लास्टिकचा गोळा, पण पाण्यात पडलो की खालच्या माशांची खबर मोबाइलवर पाठवतो. थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच कबूल करतो.

रायपूरच्या दुकानात माझ्या शेजारी मोठ्या पडद्याचा एक भाऊबंद ऐटीत बसलेला असे. भिलाईहून पुंडलिकराव बायकोबरोबर आले, ते थेट त्याच्याकडेच गेले. सारा जन्म पोलाद कारखान्यात क्रेन चालवण्यात गेलेला. मशीन मोठं तेच चांगलं, असं त्यांचं मत. पण खरेदी होती त्यांच्या बायकोची, अंजनाबाईंची. त्यांच्या बचत गटाने कोहका गावचा तलाव मासे पाळायला घेतला होता. उन्हाच्या तडाख्यात शेकडो मासे मरून वर आले आणि तलावात आता काहीच उरलं नाही अशी बोंब उठली. जाळेवाले यायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशी गट तलाव सोडून देणार होता.

दुकानदाराने सांगितलं, मोठं मशीन डोंग्याला बसवतात, डोंगा जाईल तिथलंच त्याला दिसतं.

"डोंगा नाई आमच्यापाशी, भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या. "धक्क्यावरून दूरचं दिसन, असं द्या."

आणि मी निवडला गेलो. शेजाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

सकाळी साऱ्या बाया तलावाच्या लाकडी धक्क्यावर जमल्या. पुंडलिकरावांनी मला दोरी बांधली आणि क्रेनचा हूक सोडावा तसं अलगद, सरळ पायाखाली उतरवलं. तिथे गुडघाभर पाणी आणि चिखल. मोबाइल कोरा. गटाच्या अध्यक्ष बेबीताईंनी डोळे पुसत तलाव सोडण्याच्या ठरावाचा कागद सहीसाठी पुढे केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हाळ्यात मासे मधल्या खोल पाण्यात जातात, पण मला तिथवर नेणार कोण?

अंजनाबाईंनी सही केली नाही. त्यांनी नवऱ्याच्या हातून दोरी घेतली.

"अवो, लोड उतरवून राहिले का तुमी? याले फेकाव लागते."

पदर खोचून त्यांनी मला असं भिरकावलं की मी तलावाच्या पार मध्यावर जाऊन आपटलो. मोबाइलवर कमानीच कमानी उमटल्या. एकेक कमान म्हणजे एकेक मासा! बेबीताईंनी ठरावाचे तुकडे केले. तिसऱ्या दिवशी जाळं पडलं, आणि रोहू-कटला टोपल्यांत मावेनात. पुंडलिकराव टोपली डोक्यावर घेऊन बाजारात गेले आणि मशीन बायकोने निवडलं हे विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत सुटले.

याला आता सात वर्षं झाली. तलाव आजही बायांचाच आहे. मी मात्र थकलो. मध्यंतरी कुणी मला ओलाच डब्यात टाकला; ओला असेपर्यंत मी चालूच राहतो, त्यात बॅटरीचा जीव गेला. म्हणून मित्रांनो, काम झालं की यंत्र कोरडं पुसून ठेवा. विकत घेताना त्याचा आकार पाहू नका, आपण उभे कुठे आहोत ते पाहा. आणि तुमच्या तलावात काही उरलं नाही असं कुणी म्हणालं, तर पायाखालचं पाणी पाहून सही करू नका. आधी एकदा लांब फेकून पाहा.