तीस श्वास आणि मुंजाजीची सावड

आमचा चंद्रभान महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर दम्याचा रिकामा पंप दाबायचा आन तोंडानंच फुस्स असा आवाज काढायचा. साठीला टेकलेला माणूस, गावात चार लोक आबा म्हणतात, आन सकाळी दात घासून झाले की चुलीजवळ येऊन, माझ्याकडं तोंड करून, फुस्स. वर हाताच्या पंजानं तोंड पुसायचा, औषध खरंच पोटात गेल्यासारखं. लेकरानं असं केलं असतं तर दोन रट्टे दिले असते. ह्याला काय द्यावं?

चंद्रभान माझा धाकटा दीर. मी नवरी होऊन चुडाव्याला आले तवा तो सहा वर्षांचा होता, आन तवापासनंच त्याच्या छातीत मांजर गुरगुरायचं. सासूनं त्याला माझ्या पदरात टाकलं ते टाकलंच. दम्याचा माणूस म्हणून त्याला कुणी पोरगी दिली न्हाई. पुढं आमचे मालक गेले, माझा लेक योगीराज नोकरीपायी लातूरला राहिला. आता घरात आन सात एकरांत आमी दोघंच. मी बोलायचं, त्यानं ऐकायचं. पन्नास वर्षं असंच चाललंय आन कुणाचं काही अडलं न्हवतं.

औंदा चैतात त्याचा दम लय वाढला. बाजेवरनं उठून न्हाणीपर्यंत जायचं तर मधी दोनदा खांबाला धरायचा. परभणीला छातीच्या डाक्टरकडं नेलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळचा पंप बदलून दिला, एक निळा पंप अडीनडीला मारायला म्हणून खिशात ठेवायला दिला, आन म्हणाले की दम लागंल ह्या भ्यानं ह्यांनी छातीला कामच ठेवलं न्हाई, श्वास ओढायचे स्नायू ढिले पडलेत. शेजारच्या खोलीत शुभदा नावाची व्यायाम शिकवणारी पोरगी बसायची. तिनं मुठीएवढं प्लास्टिकचं नळकांडं काढलं. नाकाला चिमटा लावायचा, नळकांडं दातात धरायचं आन ताकदीनं श्वास आत ओढायचा. आत स्प्रिंग असती, ती सहजासहजी ओढू देत न्हाई. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. जमायला लागलं की आठ दिवसांनी खुंटी जराशी पिळायची, म्हणजे आणखी जड होतं.

चंद्रभान मान डोलवायला लागला. पोरगी हुशार, तिनं त्याला सोडून माझ्याकडं बघितलं.

"मावशी, हा फक्त छातीचा व्यायाम आहे. आतल्या नळ्यांची सूज ह्यानं उतरत नाही, ती पंपानंच उतरते. हे सुरू केलं म्हणून ते सोडायचं नाही."

मी म्हणलं, दुसरीपर्यंतच शिकलेय, पण सांगितलेलं कळतंय मला.

घरी आल्यावर मी तीस चिंचोके मोजून एका वाटीत घातले. एक श्वास ओढला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. पहिल्या हप्त्यात बिचाऱ्याला घाम फुटायचा, डोळे पांढरे करायचा. पंचविसाला नळकांडं खाली ठेवून म्हणायचा, झाले वैनी. मी वाटीतले पाच चिंचोके त्याच्या नाकापुढं धरायची. असं करत करत पाऊसकाळ लागला. खुंटी चारदा पिळली. एक दिवस आमी परभणीहून आलो आन टेसनावरच्या पुलाचा दादरा तो माझ्या पुढं चढून गेला, मधी न थांबता. वर उभा राहून माझी वाट बघायला लागला. मीच कठड्याला धरून धापा टाकत होते.

त्या दिवशी पिठाच्या गिरणीवर मी सगळ्या बायांना सांगितलं, आमच्या चंद्रभानची छाती आता बैलाची झाली. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तो डबा घ्यायला आलता, त्यानं ऐकलं, खाली बघून हसला. माझ्या तोंडातनं त्याची तारीफ पन्नास वर्षांत निघाली न्हवती.

त्याच हप्त्यात त्यानं जेवता जेवता विचारलं, वैनी, छाती भरलीय आता, पंप सोडला तर चालंल का, पारावर पोरं म्हणतेत आबाला नशेची सवय लागली. मी म्हणलं, सोडून बघ, ताट सोडायला लावते. तो विषय तिथंच मिटला असं मला वाटलं. त्यानं परत विचारलं न्हाई. पुढं भादव्यात रोजचा पंप संपला तवा त्यानं नवा आणला न्हाई, आन सकाळी फुस्स सुरू केलं. चिंचोके मात्र मी रोज मोजायची, अन् ते तीसचे तीस भरायचे.

दसरा झाला आन सोयाबीन काढायला आलं. मजूर मिळत न्हाईत म्हणून आमच्याकडं सावड असती. तू दोन दिवस माझ्या गंजीवर राब, मी दोन दिवस तुझ्या गंजीवर राबतो. ह्यात एक गोष्ट पक्की, ज्याच्या घरची सावड त्या घरचं माणूस स्वतः उभं राहिलं पाहिजे. रोजंदारीचा गडी पाठवला तर ते तोंडावर थुंकल्यासारखं. शेजारचा मुंजाजी आन त्याचा लेक आमच्या गंजीवर दोन दिवस राबले होते. मग त्यांचा नंबर आला. मुंजाजी सांगायला आला, उद्या हडंबा येणार म्हणून. हडंबा म्हणजे मळणीचं मोठं मशीन, त्याच्या तोंडात पेंढ्या सोडायच्या, एकीकडनं दाणे पडतेत आन दुसरीकडनं भुसकट उडतं. मुंजाजी म्हणाला, आबाला जमंल का, न्हाई तर राहू द्या वैनी, आमी भागवून घेतो.

राहू द्या हे मला झोंबलं. ह्या घराची सावड आजपर्यंत कुणी राहू दिली न्हवती. मी म्हणलं, येईल, न यायला काय झालं त्याला.

मुंजाजी गेल्यावर चंद्रभान हळूच बोलला, "वैनी, हडंब्यावर धुरळा लय असतो."

"मग तीस तीस श्वास मी कशापायी मोजले?"

त्यानं सकाळी फुस्स केलं, भाकर बांधून घेतली आन गेला.

दुपारी मुंजाजीचा लेक मोटरसायकलवर मला न्यायला आला तवाच मी समजले. हडंबा बंद केलता. चंद्रभान गंजीला टेकून बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, केसात भुसकट, व्हट जांभळे. निळा पंप तीनदा मारला होता, फरक न्हवता. मला बघून त्यानं तोंड उघडलं, शब्द निघाला न्हाई. मुंजाजीनं जीप आणली. मी मागं बसून त्याला पाठीमागनं धरलं.

पूर्ण्याच्या दवाखान्यात निघालो, तर गावाच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी होती, संपता संपंना. माझा हात त्याच्या छातीवर होता. छाती ओढत होती, लय जोरानं ओढत होती, बरगड्या माझ्या बोटांखाली वर उचलायच्या, पण आत काही जात न्हवतं. सवयीनं मी मोजायला लागले. अकरा झाले, बारा झाले, मग तो एवढ्या घाईनं ओढायला लागला की मोजणं हुकलं. मुंजाजी खाली उतरून डबे मोजत होता का देवाला हात जोडत होता, मला कळंना.

दवाखान्यात लगोलग तोंडाला मास्क लावला, सुया दिल्या. डाक्टरांनी विचारलं, रोजचा पंप कोणता. मी पिशवीतनं काढून दिला. त्यांनी हलवला, दाबला. काहीच निघालं न्हाई. परत दाबला. मी म्हणलं, असं कसं, आज सकाळीच तर त्यानं घेतला, आवाज ऐकला मी. डाक्टर चंद्रभानकडं वळले, कधीपासून रिकामा हाय म्हणून. त्यानं मास्कच्या आतनं माझ्याकडं बघितलं, मग चार बोटं दाखवली. चार दिवस का म्हणलं तर न्हाई म्हणून मान हलवली. चार हप्ते.

मी मुंजाजीच्या फोनवरनं शुभदाला लावला. वाटलं पोरगी रागावंल. ती रागावली न्हाई. छातीत ताकद आली म्हणून त्यांना बरं वाटत होतं, म्हणाली, पण बंद नळ्यातनं ताकद तरी किती ओढणार. मग म्हणाली, मावशी, तुम्ही श्वास मोजायला कधी चुकला नाहीत. एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मी मुंजाजीचा फोन परत दिला. तारीफ होती का चपराक, ते मला चांगलं समजलं होतं.

दिवस कलताना त्याचा श्वास खाली बसला. व्हटांवर रंग आला. मुंजाजी दारात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, वैनी, आबाचा अर्धा दिवस आन उद्याचा दिवस, माझ्याकडनं माफ. त्याचं मन साफ होतं, पण माफ हा शब्द मला टोचला. तरी मी बरं म्हणलं. तो चहा आणायला खाली गेला.

सिस्टरनं मास्क काढला. चंद्रभाननं दोन घोट पाणी पिलं, माझ्याकडं बघायचं टाळत छताकडं बघितलं, आन पहिलं वाक्य काय बोलला तर, "वैनी, मुंजाजीची सावड राहिली. आठ दिवसांनी जाऊन फेडतो."

मी स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसले. लय बोलायचं होतं, दवाखाना हाय म्हणून आवाज खाली ठेवला.

"ऐक चंद्रभान. पंप संपला ते मला सांगायला भ्यालास. धुरळ्यात जायला न्हाई म्हणायला भ्यालास. मरायच्या भ्यापेक्षा तुला माझ्या तोंडाचं भ्या जास्त हाय. ह्यात तू लबाड आन मी मिजासखोर, निम्मं निम्मं. सावड राहिली ती राहू दे. गावात कुणी विचारलं तर मी सांगंन, ह्या धुरपताबाईनंच बुडवली म्हणून. तू हडंब्याजवळ पाय ठेवायचा न्हाई. आन आजपासनं औषध संपायला आलं की माझ्यापुढं उभं राहून सांगायचं. मी शिव्या देईन. त्या खा आन पंप आण."